मिशी, बांगड्या आणि वरचा ओठ

मला बघायला आले तेव्हा माझी होणारी सासू माझ्या तोंडाकडं टक लावून बघत बसली होती. तोंडाकडं म्हणजे चेहऱ्याकडं नव्हे, ओठाकडं. माझा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला. मी लहान असताना कुठल्याशा शिबिरात तो शिवून आणला होता. शिवला म्हणजे काय, घाईत पोत्याचं तोंड शिवावं तसा शिवला. उजवीकडं नाकापर्यंत जाड व्रण गेलेला, आणि तिथंच ओठ वर खेचलेला, त्यामुळं तोंड मिटलं तरी एक दात बाहेर डोकावायचा. आई म्हणाली होती, पोहे देताना मान खाली ठेव, पदर जरा पुढं घे. मी दोन्ही केलं. तरी ही बाई वाकून वाकून बघत होती.

"नाव काय पोरी?" तिनं विचारलं. आवाज असा की शेजारच्या चार घरांना कळलं असेल. मी नाव सांगितलं.

"परत सांग."

मी परत सांगितलं. मग म्हणाली गावाचं नाव सांग, शाळेचं सांग, स्वयंपाकात काय काय येतं ते सांग. मी सांगत होते आणि तिची नजर ओठावरून एकदाही हलली नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मनात म्हटलं, नको असेल तर उठून जा बाई, पण असं जत्रेत आल्यासारखं बघू नकोस. शेवटी तर मी रागानं एकेक अक्षर दातात धरून, सोडून, ठासून बोलायला लागले. तेव्हा ती लेकाकडं वळली आणि सगळ्या ओसरीसमोर म्हणाली, "हीच करायची."

घोडेगावजवळच्या आमच्या गावाहून मी नारायणगाव आणि ओतूरच्या मधल्या एका मळ्यात नांदायला आले ती अशी. नव्वदीची सुरुवात होती. आल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं की पाव्हण्यांनी आमच्यापासून एक गोष्ट दडवली होती. सासू ठार बहिरी होती. आमच्या लग्नाच्या चार वर्षं आधी तिला मुदतीचा ताप आला होता, ताप उतरला आणि जाताना कान घेऊन गेला. बोलता सगळं यायचं, आपला आवाज किती मोठा निघतोय हे मात्र तिला कळत नव्हतं. माझं व्यंग पदरानं झाकत नव्हतं, तिचं तिनं तोंड उघडलं तरी दिसत नव्हतं, एवढाच फरक.

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामंजी. तर ह्या आत्याबाई घरात कुणाशी बोलत नसत असं नाही, पण त्यांच्याशी कुणाला बोलता येत नसे. त्या समोरच्याचे ओठ बघून समजून घ्यायला शिकल्या होत्या, स्वतःच्या स्वतः, कुणी शिकवलं नव्हतं. पण आमच्या गावात ओठ दिसतात कुणाचे? मामंजींच्या मिशा अशा भरघोस की चहा प्यायल्यावर पिळून काढाव्या लागतील. माझ्या नवऱ्याच्या त्यांच्या खालोखाल. शेजारच्या बायका निम्म्या वेळ तोंडात मिश्री धरून बोलायच्या आणि निम्म्या वेळ तोंडाला पदर लावून. उरलेले लोक बैलाकडं, पंपाकडं नाहीतर वाफ्याकडं बघत बोलायचे.

माझं मात्र त्यांना सगळं कळायचं. पहिल्या दिवसापासून. मी चुलीपुढून काही म्हटलं की त्या अंगणातून उत्तर द्यायच्या, फक्त माझं तोंड त्यांच्याकडं असलं पाहिजे. ह्यात माझं काही कौतुक नाही. प्राथमिक शाळेत एक बाई होत्या, माझी प, ब, म ही ओठावरची सगळी अक्षरं नाकातून निसटायची म्हणून त्यांनी मला मधल्या सुट्टीत हातात आरसा देऊन उभं केलं होतं. दोन वर्षं. तोंड उघडून बोल, म्हणायच्या, लोकांना आधी दिसू दे आणि मग ऐकू जाऊ दे. ती सवय हाडात गेली. मी बोलले की माझं सगळं तोंड काम करतं.

अशी आठ वर्षं गेली. मळ्यात टोमॅटो आला, नारायणगावचा बाजार वाढला, हायवेला गाड्यांची रांग लागायला लागली. आम्हाला मुलगी झाली. मुलगी तीन वर्षांची झाली आणि घडाघडा बोलायला लागली तेव्हा एक दिवस मी तिच्याकडं बघितलं. प म्हणताना ती वरचा ओठ उजवीकडं ओढून घेत होती. ओठ तिचा चांगला, एक रेघ नाही त्याच्यावर. पण तिला वाटत होतं की बोलायचं म्हणजे असंच.

मी तिला मारलं. कधी नव्हे ते मारलं, आणि मग चुलीपाशी बसून रडले. त्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, मला ओठ नीट करून घ्यायचाय. पुण्यात करतात म्हणे, प्लास्टिक सर्जरी.

नवरा माझा कमी बोलणारा. हो म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात एसटीनं मला पुण्याला घेऊन गेला.

डॉक्टर वयानं फार मोठे नव्हते, पण सावकाश बोलणारे. त्यांनी माझा ओठ बोटानं दाबून, उलटा करून, मला हसायला लावून, गाल फुगवायला लावून बघितला. गाल फुगवल्यावर उजवीकडून हवा निसटली. आतला स्नायू तेव्हा नीट जोडलाच गेला नाही, म्हणाले, वरची कातडी तेवढी शिवली. मग विचारलं, "कुणासाठी करायचंय?"

"मुलीसाठी," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मुलीचा ओठ चांगला आहे ना? मग तिच्यासाठी करू नका. दोन महिन्यांत ती आपोआप सोडून देईल. ओठ तुमचा आहे. तुम्हाला हवा असेल तर बोलू."

मग त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. व्रण जाणार नाही, बारीक होईल. ओढ कमी होईल, दात झाकला जाईल, हवा निसटायची थांबेल. फाटलाच नव्हता असा ओठ मात्र कुणीच करून देणार नाही, आणि देतो म्हणाला तर त्याच्याकडं जाऊ नका. पहिले काही आठवडे सूज राहील, तेवढ्या दिवसांत बोलणं अगदी कमी. ओठ बसायला वर्ष जाईल, आणि बसला की त्याची हालचाल आतासारखी असणार नाही, वेगळी असेल. "न करणं हेही बरोबर उत्तर असू शकतं," म्हणाले, "घरी जाऊन विचार करा."

मला राग आला. मी म्हटलं, जन्मापासून विचारच करतेय की. ते हसले आणि म्हणाले, मग अजून पंधरा दिवस करा.

येताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. बाकी कशाची भीती नव्हती. सुईची नाही, भूल देण्याची नाही. पण डॉक्टरांचा तो एक शब्द डोक्यात घोळत होता, वेगळी. माझा ओठ वेगळा हलायला लागला तर आत्याबाईंना कोण दिसणार? आठ वर्षं त्या बाईचं जगाशी जे काही बोलणं होतं ते माझ्या तोंडातून होतं. डॉक्टर आला, तलाठी आला, माहेरचं कुणी आलं, की मी मध्ये बसून त्यांचं बोलणं माझ्या ओठावर घेऊन त्यांना द्यायची. मंचरच्या पुढं कधीतरी मी हे नवऱ्याला बोलून दाखवलं. तो बाहेर बघत होता. 

आणि मग चार दिवसांनी त्यानं ते केलं.

मामंजी टोमॅटोचा टेम्पो घेऊन मुंबईच्या मार्केटला गेले होते, ते सकाळी परत यायचे होते आणि आले नव्हते. त्यात विशेष काही नव्हतं, घाटात गाड्या अडायच्याच. हे, म्हणजे माझा नवरा, सकाळी नारायणगावला टोमॅटोवर मारायची औषधं आणायला गेले. मी आणि आत्याबाई अंगणात बसून क्रेट भरत होतो, पिकलेला माल वेगळा, कच्चा वेगळा. दहा-साडेदहा झाले असतील. मळ्याच्या वाटेवर कुणाचा तरी हंबरडा ऐकू आला. मी मान वर केली. आत्याबाईंना अर्थातच ऐकू आलं नव्हतं, त्यांनी माझी मान वर झालेली बघितली आणि तिकडं वळल्या.

माझा नवरा येत होता. डोक्यावर नेहमीची पांढरी टोपी, हातात औषधाची पिशवी, आणि मिशी साफ उतरवलेली. मागं सात-आठ माणसं. पुरुषांनी माना खाली घातलेल्या, बायकांचे पदर तोंडाला, आणि आमची शेजारीण सगळ्यांच्या पुढं ऊर बडवत.

आता हे परक्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडं आईबाप जिवंत असताना माणूस मिशी काढत नाही. आई किंवा बाप गेला की डोकं भादरतात आणि मिशी उतरवतात. टोपीखाली ह्यांचे केस जिथल्या तिथं होते, पण टोपीखाली कुणाला दिसतंय? नारायणगावच्या सलूनवाल्यानं ह्यांच्याकडून पैसेच घेतले नाहीत, ह्यांना वाटलं माणूस ओळखीचा असेल. माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये ह्यांना कुणीतरी उठून पुढची सीट दिली, सगळी जीप चिडीचूप बसली, ह्यांना वाटलं आपण विचित्र दिसतोय म्हणून लोक हसू दाबतायत. आणि मामंजी टेम्पोबरोबर हायवेला गेलेत हे अख्ख्या गावाला माहीत होतं. बाकीचं लोकांनी स्वतःच जुळवलं.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसती उभी राहिले, आणि खरं सांगते, मलाही क्षणभर तेच वाटलं.

आत्याबाई रडल्या नाहीत. त्यांनी लेकाच्या तोंडाकडं बघितलं, त्या उघड्या ओठाकडं, मग मागच्या माणसांकडं. हातातला टोमॅटो क्रेटमध्ये ठेवला, फेकला नाही, ठेवला. उठल्या, उंबऱ्यापाशी गेल्या आणि तिथल्या दगडावर डावा हात आपटला. हिरव्या बांगड्या फुटल्या. मनगटातून रक्त आलं.

"आई, आगं न्हाई, आगं ऐक की," माझा नवरा ओरडत होता. ऐक की, म्हणे. मिशी काढली होती ती हिला ओठ दिसावेत म्हणून, आणि हा बाबा रडत, तोंड वेडंवाकडं करत, पळत बोलत होता. शेजारीण बोलत होती, तिचा दीर बोलत होता, सगळे एकदम. आत्याबाई कुणाकडंच बघत नव्हत्या. उजवा हात वर गेला.

मी तो धरला. दुसऱ्या हातानं त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडं वळवलं. सासूच्या हनुवटीला मी त्याआधी कधी हात लावला नव्हता. त्यांचे डोळे माझ्या ओठावर आले, तसेच, पहिल्या दिवशी आले होते तसे.

"मामंजी आहेत," मी म्हटलं. "जिवंत आहेत. गाडी अडलीय. मिशी ह्यांनी उगीच काढली."

मामंजी कुठं आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण नवऱ्याच्या पिशवीत औषध होतं आणि पायात चपला होत्या. ज्याचा बाप गेलाय तो चपला घालून, कीटकनाशक घेऊन घरी येत नाही, एवढं डोकं मला त्या वेळी कसं चाललं कोण जाणे.

त्या बघतच राहिल्या. मग अगदी हळू, मी त्यांचा एवढा हळू आवाज कधी ऐकला नव्हता, म्हणाल्या, "परत सांग."

मी परत सांगितलं. एकेक अक्षर. शाळेतल्या बाईंच्या आरशापुढं सुद्धा मी इतकं नीट बोलले नसेन.

आत्याबाई खाली बसल्या. दोन श्वास घेतले, उठल्या, लेकाकडं गेल्या, त्याची टोपी काढून भरल्या केसांकडं बघितलं आणि बत्तीस वर्षांच्या त्या बाप्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. मग त्याला पोटाशी धरलं आणि तेव्हा कुठं रडल्या. लोक परत जायला तयार नव्हते. आलोय तर चहा घेऊनच जाऊ, अशा बेतात अंगणात बसले.

तासाभरानं टेम्पो आला. मामंजींनी लांबून दारातली गर्दी बघितली, लेकाची मिशी गेलेली बघितली, आणि टेम्पो थांबायच्या आत उडी टाकून, "आता गं मी कुणाकडं बघू," म्हणत, पायातला एक जोडा वाटेत टाकून आत धावले. आत त्यांची बायको मनगटाला हळद लावून बसली होती. ती म्हणाली, "आधी चप्पल घालून या, काटं हायती."

दुपारी सगळे पांगल्यावर मी नवऱ्याला विचारलं, हे काय केलंत? तो खाली बघत म्हणाला, "तुला महिनाभर बोलता येनार न्हाई. आईशी कुनी बोलायचं? म्हटलं माझा ओठ दिसू दे तिला. मी पन शिकंन तुज्यासारखं बोलायला." एवढं लांब वाक्य त्यानं आठ वर्षांत मला ऐकवलं नव्हतं. मला त्याच्यावर रागवायचं होतं, पण नाही जमलं.

पण माझा निश्चय झाला होता. मी आत्याबाईंच्या समोर जाऊन बसले आणि सांगितलं, मी ओठ करत नाही. आज माझा ओठ सुजलेला असता, तुम्हाला कळलं नसतं, तर तुम्ही दुसरा हात पण फोडून घेतला असता. आहे तो ओठ कामाचा आहे, राहू दे.

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्या माझ्यावर अशा उखडल्या की बस.

"माजं कान गेलं म्हनून तुजा ओठ मी गहाण ठिवू का?" म्हणाल्या. "आठ वरसं बघत्ये. दूध पिताना पाठ फिरवून पितीस. फोटो काढायला आलं की हांडा घिऊन इहिरीवर जातीस. मला ऐकू येत न्हाई, दिसतंय सगळं."

मी म्हटलं, तुम्हाला माझं बोलणं परत दिसलं नाही तर?

 त्या फुटलेल्या मनगटावरून बोट फिरवत होत्या. "तुला बघायला आलो त्याच्या आधी सात पोरी बघितल्या," म्हणाल्या. "गोऱ्या, शिकल्याल्या. एकीचं बी बोलनं मला दिसलं न्हाई. तोंडातल्या तोंडात बोलायच्या. तुजं पहिलं अक्षर दिसलं. चार वरसानं मला कुनाचं तरी नाव कळलं, कुनी खुणा न करता. म्हनून म्हनलं, हीच." मग पदर खोचून उठल्या. "तवा मला गरज व्हती म्हनून तुला आनलं. आता तुला गरज हाय. दिसलं न्हाई तर परत शिकंन. एकदा शिकल्येच की."

 आज सांगते, मी आयुष्यात पुष्कळ शहाणी माणसं बघितली, शिकलेली, भाषणं देणारी. आपल्याला ज्याचा आधार आहे तेच दुसऱ्याच्या सुखासाठी सोडायला तयार होणारं, आणि वर त्याबद्दल शिव्या घालणारं माणूस मी हे एकच बघितलं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडं त्या स्वतः आल्या. जुन्नरहून डोक्यावर पेटी घेऊन येणाऱ्या चाचीनं आदल्या दिवशीच त्यांच्या हातात नव्या बांगड्या भरल्या होत्या. भरताना ती चाची म्हणाली, नवरा जिता असताना बांगडी फोडलीस, त्याचं आयुष्य वाढलं बघ, आणि मी ते आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्यांना सांगू नगं, अजून मिजास करत्याल. तर त्या बांगड्या वाजवत त्या डॉक्टरांच्या समोर बसल्या. डॉक्टर कागदावर लिहीत लिहीत बोलायला लागले. आत्याबाईंनी टेबलावर बोट वाजवलं.

"वर बघून बोला. मला ऐकू येत न्हाई."

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला, खुर्ची पुढं ओढली आणि पुढचा अर्धा तास ते फक्त त्यांच्याकडं बघून, सावकाश, तोंड उघडून बोलले. मला तो माणूस तेव्हा फार आवडला. दाढीमिशी नव्हतीच, आत्याबाईंना निम्मं तरी कळलं, उरलेलं मी दिलं. बोलणं जाईल का, हसू जाईल का, पुन्हा फाटेल का, सगळं त्यांनी विचारलं. बोलणं जाणार नाही, हसू काही महिने ताठ राहील, पुन्हा फाटणार नाही, अशी सरळ उत्तरं मिळाली. शेवटी डॉक्टर माझ्याकडं वळले. "मागचाच प्रश्न. कुणासाठी?"

मुलगी तोवर ओठ ओढायची थांबली पण होती. दोन महिने सुद्धा लागले नाहीत, डॉक्टरांचं खरं निघालं. त्यामुळं आता आड घ्यायला कुणी नव्हतं.

"मला हवंय," मी म्हटलं. "दूध ओघळतं. तोंड मिटून झोपले तरी घसा कोरडा पडतो. आणि मला हवंय."

"मग तुम्हाला चालेल हे ऑपरेशन," ते म्हणाले. "एक लक्षात ठेवा. ओठ मी शिवीन. तोंडावरचा पदर तुम्हालाच काढावा लागेल."

ऑपरेशन झालं. चार आठवडे मी जवळजवळ मुकी होते. सगळं घर गोंधळून गेलं, मामंजी माझ्याशी मोठमोठ्यानं बोलायला लागले, जणू कान माझे गेले होते. फक्त आत्याबाई निवांत होत्या. न बोलता दिवस कसा काढायचा हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तहान लागली की कसं सांगायचं, दुखतंय की कंटाळा आलाय हे कसं वेगळं दाखवायचं, कुणी उगीच कीव करायला लागलं की डोळे मिटून कसं पडून राहायचं, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. लेकालाही सोडलं नाही. मामंजी म्हणत होते मिशी वाढव, अपशकुन आहे, तर ह्या म्हणाल्या, काढलीस तर आता ठिव तशीच. रोज सकाळी त्याला समोर बसवून बोलायला लावायच्या. "तोंड उघड की. का पान खाल्लंस?" आईबाप जिवंत असताना बिनमिशीचा फिरणारा आमच्या गावातला तो पहिला बाप्या. आता पोरं सर्रास सफाचट फिरतात, कुणाला काही वाटत नाही, पण सुरुवात माझ्या नवऱ्यानं केली आणि ती आईपायी केली.

सूज उतरली. आरशात बघितलं तर व्रण होता, बारीक रेघ झालेली. दात झाकला गेला होता. मी तोंड मिटलं, आणि ते मिटलं. तेवढ्याच गोष्टीचं मला किती वेळ नवल वाटत राहिलं.

डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली त्या दिवशी पुण्याहून घरी आले तर आत्याबाई उंबऱ्यापाशी बसल्या होत्या, त्याच दगडाजवळ. मला समोर बसवलं.  त्या हातातल्या बांगड्या उगीच मागंपुढं करत होत्या. सवयीनं माझा हात पदराकडं गेला, त्यांनी तो बाजूला केला.

"नाव सांगू नगं," म्हणाल्या. "ते मला ठावं हाय. मला ठावं नसंल असं कायतरी सांग."

 घरातलं, शेतातलं, माझ्या माहेरचं, त्यांना ठाऊक नाही असं काय उरलं होतं? आणि मग एकदम आठवलं, आठ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते. ओठ ताठ होता, दोरी बांधल्यासारखा. मी हळूहळू बोलले.

"मला बघायला आलात तेव्हा तुम्ही ओठाकडं बघत होतात. मला तुमचा लई राग आला होता."

त्यांचे डोळे बारीक झाले. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. नवरा दारात उभा होता, त्यानं श्वास रोखलेला मला इथून कळत होता. मी मनात म्हटलं, गेलं. संपलं. काय करून बसले मी.

"परत सांग."

मी परत सांगितलं. राग हा शब्द म्हणताना मला खरंच रडू आलं, आणि ओठ पहिल्यासारखा उजवीकडं ओढला जायला बघत होता, पण जात नव्हता.

आत्याबाई मागं टेकून बसल्या. मग हसायला लागल्या, अंग हलेपर्यंत. "राग तर तवाच दिसला व्हता की मला," म्हणाल्या. "कसली दात-ओठ खाऊन गावाचं नाव सांगत व्हतीस." माझ्या गालावरून हात फिरवला, नव्या रेघेवर बोट टेकवलं आणि दारातल्या लेकाला, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"तीच हाय."